पंखा हळू झाला की सेव्ह

मेघाली म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. मी हितेश, भिवंडीजवळच्या कोन गावचा, टेम्पोवाला, वडप्याच्या गोडाऊनचा माल वाहतो. शिक्षण नववी, तेही मास्तरांच्या मेहरबानीने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कम्प्युटरबद्दल बोललो की कोणी विचारू नये, तुला काय कळतं. मला कळतं. ज्याच्या घरात मेघाली हाय त्याला सगळं कळतं.

तिचं काम सांगतो. साडीला काठ असतो, काठावर कोयरी असते, वेल असते, मोर असतो. तो मोर लूमवाला, म्हणजे माग चालवणारा, काढत न्हाय. तो आधी कम्प्युटरवर काढावा लागतो, बारीक बारीक चौकटी भरून. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकट चुकली की मोराला तीन पाय. मंग ते डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये भरायचं, पेन ड्राइव्ह लूमच्या डोक्यावरच्या मशीनला लावायचा, की ती मशीन एकेक धागा उचलते आणि मोर कापडावर चालत येतो. भिवंडीत कापड विणणारे हजारो हायत. मोर चालवणारी आमच्या अख्ख्या कोनात एक.

शाळेत असताना ती गणिताच्या वहीत गणितं सोडून चौकटी रंगवायची. बाईंनी ती वही खिडकीतून फेकली होती. मी जाऊन उचलून आणली. बाबा कामतघरला लूम चालवायचे, त्यांनी ती वही बघितली आणि बोलले, "ही पोर लूमच्या पुढ्यात बसणार न्हाय, लूमच्या डोक्यावर बसणार." बाबा गेले, मी शाळा सोडली, टेम्पो धरला आणि तिला कल्याणच्या क्लासला घातलं. क्लासमध्ये पहिली आली. दुसरा कोण आला ते आम्ही विचारलं पण न्हाय.

कम्प्युटर मी आणला. वडप्याच्या एका गोडाऊनचं ऑफिस हलत होतं, तिथून जुना डेस्कटॉप उचलला. मोठा मॉनिटर, खाली काळा डबा, आणि एक युपीएस, ज्याची बॅटरी कधीच मेली होती, लाइट गेली की फक्त टिटवीसारखा ओरडायचा. त्या डब्यावर आमची आई, कमळ तिचं नाव, थंडीत दही लावायची. गरम राहायचा ना. सहा वर्षं आम्ही कम्प्युटरवरचं दही खाल्लं, चांगलं घट्ट.

आता आमच्या घरचा नियम ऐका. आमच्याकडे लाइट जायच्या आधी पंखा एक गिरकी हळू घेतो. तेवढाच टाइम. पंखा हळू झाला की घरातल्या ज्याने बघितलं त्याने बोंब मारायची, "सेव्ह." आई भाकरी थापत असेल तर हात पिठाचे ठेवून ओरडायची. मी मोरीत अंघोळ करत असेन तर तिथून. शेजारची ठकुबाई, तिला सेव्ह म्हणजे काय ते आजपर्यंत ठाऊक न्हाय, पण ती पण तिच्या ओटीवरून "शेव्ह गो मेघू" करायची. आणि मेघालीचं बोट तर आपोआप चालायचं. चार चौकटी भरल्या की सेव्ह, पाणी प्यायली की सेव्ह. एकदा झोपेत पण तिचं बोट हललेलं मी बघितलंय.

आता मुद्द्याचं. कामतघरला केसरीनाथ शेट हायत. त्यांच्या भातशेताच्या जागी आता लूमच्या शेड हायत. त्यांनी आठ नवीन लूम बसवले, डोक्यावर कम्प्युटरची मशीनवाले. मेघालीला बोलावलं, काम दाखव. आता काम डेस्कटॉपमध्ये. मंग काय, मी डेस्कटॉप टेम्पोत घातला. मॉनिटर गादीत गुंडाळून मेघालीच्या मांडीवर, डबा माझ्या पायाशी, युपीएस मागं दोरीने बांधलेला. कोन ते कामतघर मी खड्डे असे चुकवले की रिक्षावाले थांबून बघत होते.

शेडमध्ये आम्ही वायरी जोडत बसलो. शेट आले, कमरेवर हात ठेवून बोलले, "काय रे हितेश, हळदीला बँजो लावायला आलास काय?"

सगळे हसले. लग्नाच्या हळदीला बँजोवाले असाच टेम्पोभर सामान आणि वायरी घेऊन येतात. मी पण हसलो, नायतर काय करतो.

पण काठ बघितल्यावर शेट हसायचे थांबले. बोलले, "मेघाली, हात चांगला हाय तुझा. पण सुरतवरून पोरगा येतो, त्याच्या पाठीवर एक बॅग असते, त्यात लॅपटॉप, बास. लूमच्या बाजूला उभा राहतो, मी बोललो की काठ बदलतो, लगेच लूम चालू. तू घरी जाणार, काठ बदलणार, हा बँजो घेऊन परवा येणार. तोवर माझे लूम काय उभे ठेवू?"

"न्हाय काका," मेघाली बोलली.

"सोमवारी धा वाजता ये. लूमच्या बाजूला बसून, मी बोलेन तसा काठ तिथंच बदलून दाखव. जमलं तर आठही लूमचे काठ तुझे. न्हाय जमलं तर मी सुरतला फोन लावतो. मंग राग मानू नको."

येताना ती मांडीवरच्या, गादी सुटलेल्या मॉनिटरकडे बघत बसली, त्यात तिचंच तोंड दिसत होतं. मी बोललो, "काय झालं?"

"आठ लूम, दादा."

"मंग?"

"बाबांनी आयुष्यभर दोन चालवले."

रविवारी सकाळी तिला घेऊन कल्याणला दुकानात गेलो. पैशाचं मी बोलत न्हाय, ते माझं काम, ते मी केलं.

दुकानातला पोरगा टाय लावून होता. बोलला, "सर, कशासाठी पाहिजे? हा स्टुडंटसाठी, हा गेमिंगसाठी, हा घरात पिक्चर बघायला."

मी बोललो, "लूमसाठी कुठला?"

तो मालकाकडे बघायला लागला. मेघालीने मला कोपराने मागं सारलं आणि त्याला असं काही काही विचारलं की पाच मिनिटांत तो तिलाच मॅडम मॅडम करून विचारत होता. शेवटी एक राखाडी रंगाचा घेतला. मी हातात धरून बघितला. चांगल्या सुरमईपेक्षा हलका. मला वाटलं फसवलं आपल्याला, आत काही घातलंच न्हाय.

घरी आणला. आमच्याकडे नवीन गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवायचा. लॅपटॉपला चाकं न्हायत. पण मुहूर्त तर झाला पाहिजे. मंग लॅपटॉप टेम्पोच्या सीटवर ठेवला, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवले आणि टेम्पो सावकाश वरून नेला. दोन्ही लिंबू एकदम फुटले. ठकुबाई बोलली, "बरा निघेल." आईने ओवाळला, झाकणावर कुंकू लावलं. तो लाल डाग अजून हाय, मेघाली पुसू देत न्हाय.

आईने लॅपटॉप उचलून खालून बघितला, बाजूने बघितला. "आणि ह्याचा डबा?"

"डबा नसतो आई. सगळं ह्यातच."

"मंग दही कशावर लावू मी?"

मेघाली बोलली, "आई, हा पण खालून गरम होतो," आणि आईने खरंच हात लावून बघितला. बोलली, "पातेलं बसेल, पण हलकं हाय गो, लवंडेल."

तीनच्या सुमाराला मेघाली लॅपटॉपवर नवीन मोर काढत होती आणि पंखा हळू झाला. आईने बघितलं, मी बघितलं, ठकुबाईने तिच्या घरातून बघितलं. तिघांनी एकदम बोंब मारली, "सेव्ह."

लाइट गेली. पंखा थांबला. आणि मेघालीसमोर लॅपटॉप तसाच उजेडात. मोर तसाच उभा.

मंग मेघाली हसायला लागली. ती हसली म्हणून मी, मी हसलो म्हणून आई. ठकुबाई धावत आली, काय झालं ते न कळता हसत बसली. तुम्हाला सांगतो, सहा वर्षं ज्या लाइटीला आम्ही घाबरलो तिला मेघाली बोलली, "जा आता कुठं जायचं तिथं."

मंग आम्ही थोडे वेडेच झालो. लॅपटॉप ओटीवर नेला, तिथं चालला. मागच्या पडवीत नेला, तिथं चालला. ठकुबाईच्या घरात नेला, ती बोलली माझ्याकडे पण लाव, तिच्या लाकडी माचीवर बसून मेघालीने अर्धी वेल काढली. मी बोललो, टेम्पोत चालतो का बघू. मेघाली पुढं बसली, मी वडप्यापर्यंत टेम्पो नेला आणि परत आणला, आणि चालत्या टेम्पोत तिने अख्खी कोयरी काढली. गतिरोधकावर एक चौकट चुकली, ती लगेच दुरुस्त केली. रस्त्यात जो भेटेल त्याला मी काच खाली करून सांगत होतो, "वायर लागत न्हाय ह्याला. बिगर वायरीचा हाय."

हेच बोललो मी. दिवसभर हेच बोललो.

रात्री जेवून मेघालीने डेस्कटॉपमधलं सगळं काम लॅपटॉपमध्ये भरलं. बॅटरी उतरली होती, म्हणून निजायला जाताना मी स्वतः त्याला बोर्डाला वायर लावली. टेबलावर डेस्कटॉपच्या जागी ठेवला, ऐटीत.

आता आईची एक सवय. एका पावसाळ्यात विजेने आमचा टीव्ही जळला, तेव्हापासून ती निजायच्या आधी कम्प्युटरच्या बोर्डाचं बटन बंद करते आणि कम्प्युटरवर स्वतःच्या हाताने विणलेला रुमाल टाकते. सहा वर्षांत एक दिवस चुकली न्हाय. त्या दिवशी पण चुकली न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघालीने रुमाल बाजूला केला, वायर काढली, लॅपटॉप पिशवीत घातला. वायर तिथंच राहिली, बोर्डावर. बिगर वायरीचा ना तो.

धाला पाच कमी असताना आम्ही शेडमध्ये. मेघाली लूमच्या बाजूला स्टुलावर बसली, लॅपटॉप उघडला, आणि तिचा चेहरा उतरला. मी वाकून बघितलं. कोपऱ्यात आकडा होता, नऊ टक्के.

"दादा, वायर," ती हळूच बोलली.

मला सगळं एका झटक्यात समजलं. बटन, रुमाल, आई, आणि माझं तोंड. शेडच्या मुकादमाने मोबाइलची वायर आणून दिली, ती बसेना. मी चावी काढली, बोललो, "शेट, घरी जाऊन येतो."

"ह्या ट्रॅफिकमध्ये कोनला जाऊन येणार?" शेट बोलले. "दुपारच्या जेवणालाच परत येशील तू. मी काय ते आता बघणार. मेघाली, जमेल का न्हाय ते सांग."

मेघालीने आकड्याकडे बघितलं. "काय बदलायचं सांगा, काका."

शेटने लूमवरच्या साडीच्या काठावर बोट ठेवलं. "ही कोयरी काढ. कोयरी सगळे देतात. मला भाताची लोंबी पाहिजे. हा लूम उभा हाय ना, तिथं माझ्या बापाचा भात व्हायचा. दाणा दाणा दिसला पाहिजे."

मी आयुष्यात देवाकडे फार काही मागितलं न्हाय. त्या वेळी बॅटरी मागितली.

ती मान खाली घालून काढत होती. कोयरी गेली, देठ आला, दाणे आले, एकेक दाणा तीन चौकटींचा. चार चौकटी, सेव्ह. चार चौकटी, सेव्ह. लूम चालवणारे चाचा, उत्तर प्रदेशचे, पन्नाशीचे, तिच्या खांद्यावरून बघत होते. बोलले, "बिटिया, बाली थोड़ी झुकाओ. पका धान सीधा थोड़े खड़ा रहता है." मेघालीने लोंबी झुकवली. शेटने चाचांकडे बघितलं आणि मान डोलावली.

सहा टक्के. चार. स्क्रीन आपोआप मंद झाली. तिने पेन ड्राइव्ह लावला. तीन. आणि माझी नजर सवयीने वर गेली. शेडच्या छताला मोठा पंखा, तो एक गिरकी हळू झाला.

माझ्या तोंडातून जी बोंब निघाली ती आठ लूमच्या खडखडाटात पण सगळ्यांनी ऐकली. "सेव्ह."

तिचं बोट आधीच खाली गेलं होतं. लाइट गेली. आठही लूम एकदम बंद पडले, आणि तुम्ही भिवंडीत लूम बंद पडल्यावरची शांतता ऐकली नसेल तर सांगतो, कानात शिट्टी वाजते. खिडक्या नसलेल्या त्या शेडच्या अंधारात फक्त मेघालीचं तोंड उजेडात होतं. तिने पेन ड्राइव्ह उपटला. लॅपटॉपने एकदा डोळा मिटल्यासारखं केलं आणि काळा झाला.

"गेला?" शेटने विचारलं.

"लॅपटॉप गेला," मेघाली बोलली आणि हात वर केला. "लोंबी इथं हाय."

वीस मिनिटं आम्ही अंधारात चहा प्यायलो. लाइट आली, चाचांनी पेन ड्राइव्ह लूमच्या डोक्यावर लावला, खालून देठ निघाला, मंग एक दाणा, मंग दुसरा. वीतभर झाल्यावर पिवळी लोंबी झुकून बसली होती काठावर, जशी आमच्याकडच्या शेतात दिवाळीच्या आधी असते तशी. शेट गुडघ्यावर बसले, अंगठ्याने दाणे मोजल्यासारखं केलं. बराच वेळ उठले न्हाय.

उठले तेव्हा माझ्याकडे बघितलं. "तू मघाशी काय ओरडलास?"

"सेव्ह," मी बोललो.

"घाबरलो ना मी, मला वाटलं आग लागली." मंग मेघालीकडे वळले. "उद्या दुसऱ्या लूमचा काठ. धा वाजता."

"हो काका."

"आणि वायर आण."