दोष पंपाचा नव्हता

द्वारका चौकाजवळच्या गल्लीत अन्सारभाईंचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी शर्यतीच्या जीपा लांबून त्यांच्याकडे यायच्या. आता ट्रॅक्टरचेच पंप येतात. का, असं विचारलं तर गाडीवाले सांगतात, "त्यांच्या पंपाने माणूस अधू केला." हे खोटं आहे, पण तेच चालतं.

अपघात झाला ती जीप त्यांच्या जावयाची, मुस्तकीमची. जुनं डिझेल इंजिन. नुसती चावी फिरवून ते बंद व्हायचं नाही. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की तार पंपावरचा लिव्हर खेचायची, डिझेल यायचं बंद व्हायचं आणि इंजिन थांबायचं. मुस्तकीमची तक्रार मात्र उलटी होती. उडी मारून जीप आदळली की इंजिन आपोआप बंद पडायचं.

अन्सारभाईंनी वाकून पाहिलं. इंजिनाखालची, धक्के झेलणारी रबरं झिजून दबली होती. धक्क्याने इंजिन हलायचं, ताठ तार ओढली जायची आणि लिव्हर बंदच्या बाजूला सरकायचा.

"रबरं बदल, तार जरा सैल सोड," ते म्हणाले. "तोवर शर्यतीत उतरू नकोस."

"शर्यत रविवारी आहे, अब्बा. रबरं कुठून आणू?"

"मग हा रविवार सोड."

त्याने सोडला नाही. आडगावच्या पुढच्या माळावर शर्यत सुरू झाली आणि वळणावर अॅक्सिलरेटर चिखलाने अडकला. मुस्तकीमने मूठ ओढली. इंजिन थांबेना. क्लच दाबायचंही भान त्याला राहिलं नाही. जीप कडेला बांधलेला दोर तोडून निशाणवाल्या दत्तूवर गेली. दत्तू मखमलाबादचा, झेंडू पिकवणारा. हौसेखातर निशाण दाखवायला यायचा. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"पंप सासऱ्यांनी बसवलेला," मुस्तकीम सगळ्यांना सांगत सुटला.

जीप दुकानात आली तेव्हा अन्सारभाईंनी मूठ ओढून पाहिली. तार नीट चालत होती. लिव्हर पूर्ण मागे जात होता. पंप उतरवून त्यांनी तो तपासायच्या यंत्रावर, टेस्ट बेंचवर चढवला, लिव्हर बंद केला. एकाही नळीतून थेंब आला नाही. मग त्यांना लिव्हरच्या दांड्यावर घासल्याची चकचकीत खूण दिसली आणि ब्रॅकेटमागे बांधकामाच्या तारेचा तुटका तुकडा. लिव्हर चालूच्या बाजूला कोणीतरी करकचून बांधला होता. अपघातानंतर घाईने ती बांधलेली तार कापून काढली होती.

तुकडा समोर धरल्यावर मुस्तकीमने कबूल केलं. "इंजिन मधेच बंद पडू नये म्हणून बांधला. जाऊ द्या ना, अब्बा. तुमचं वय झालंय, तुम्हाला कोण काय करणार? माझं मात्र शर्यतीतलं नाव जाईल."

दुसऱ्या दिवशी अन्सारभाई आयोजकांकडे गेले. तुकडा टेबलावर ठेवला, सगळं सांगितलं.

"असली तार कुठेही मिळते, चाचा," त्यातला एक जण म्हणाला. "घरातलं भांडण घरात मिटवा."

अपघात म्हणून प्रकरण बंद झालं. संध्याकाळी मुलीचा, निलोफरचा फोन आला. "तुम्ही माझ्याच संसाराच्या मुळावर उठलात," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ईदलाही ती आली नाही. मुस्तकीम दुसऱ्याकडून पंप दुरुस्त करून घेऊन पुन्हा शर्यतीत उतरला.

निदान दत्तूला तरी खरं कळावं म्हणून अन्सारभाई मखमलाबादला गेले. दत्तू ओट्यावर बसला होता, बायको छाया शेजारी हार ओवत होती. त्यांनी रबरं, तार, लिव्हर, सगळं समजावून सांगितलं. दत्तूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ती गाडी उतरवण्यासारखी नाही, हे तुम्हाला शर्यतीच्या आधीच माहीत होतं?"

"हो. मी त्याला सांगितलं होतं."

"त्याला सांगितलंत. मैदानावर येऊन आम्हाला का नाही सांगितलंत?"

जावयाची चारचौघांत शोभा होईल, असं त्या रविवारी सकाळी अन्सारभाईंच्या मनात आलं होतं. छायाने हातातली सुई थांबवली नाही. पाणी घेता का, असंही कोणी विचारलं नाही. अन्सारभाई उठले आणि बांधावरून रस्त्याला लागले.