पाहुण्यांच्या दिवशी मरण

थोरल्या लेकीला बघायला उंब्रजचे पाहुणे येणार होते, त्याच दुपारी मी सिनेमात मरायचं कबूल केलं. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडाळपणानं हुकलेली. तरीही.

सिनेमा गरिबाघरचा. नायिका तीन नराधमांना एकेक करून संपवते, एवढीच गोष्ट. कॅमेरा एक, कोयता एक, तोही लाकडाचा, चंदेरी रंग फासलेला. कुंडलजवळचं आमचं बंद गुऱ्हाळ फुकट मिळालं, म्हणून तिसरा नराधम मी. पांढरा शर्टही माझाच, पाहुण्यांसाठी इस्त्री केलेला.

"तासाभरात मारून मोकळं करतो," दिग्दर्शक म्हणाला.

मला खांबाला बांधलं. गाठ इतकी ढिली की शेरडूसुद्धा हसलं असतं. माझ्यातला शेतकरी खवळला. बैलाला नाल ठोकताना पाय जखडतात ती गाठ मी नायिकेला तोंडी शिकवली. हिसके द्याल तशी आवळणारी. पोरगी सांगलीची, हुशार. लगेच जमली.

छातीवर लाल रंग ओतला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. शर्ट एकच, म्हणून "हलू नका" असं बजावून मंडळी बॅटरी भरायला गावात गेली. उरलो मी आणि माझा सूड घेणारी.

रंगावर माश्या बसल्या. नाक खाजवायला हात नाही. "सोड गं बाई," मी म्हणालो. ती झटली, मी हिसके दिले, गाठ आणखी रुतली.

"काका, सोडायची कशी ते शिकवलंच नाही तुम्ही."

"मग काप!"

"लाकडाचाय ओ."

खिशात मोबाईल वाजला. बायको. नायिकेनंच काढून कानाला लावला. "काकू, काकांना बांधून ठेवलंय. खरा कोयता पाठवा."

धावत आली ती लेक. नवी साडी, केसांत गजरा, हातात कोयता. "आबा, आजच व्हय?" म्हणत तिनं तो उगारला, आणि बाहेर गाडी थांबली. गुऱ्हाळ घराच्या वाटेवरच. वाट विचारायला आत आलेले पाहुणे दारातच थिजले. मी बोलायला तोंड उघडलं.

"आबा, गप," लेक म्हणाली. मग वळून पाहुणीबाईंना, "काय न्हाई मावशी, सिनेमात मरत हुते. बॅटरी संपली."

बाईंनी मला खालून वर न्याहाळलं.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी मातूर सोडू नगंस. लगीन हुस्तवर ऱ्हाऊ दे बांधल्यालं."