पाणी तोडलेला ऊस

भगवानमामा चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. एक घोट घेतला की दारापर्यंत जायचे, आभाळ बघायचे, परत यायचे. माझे ते चुलत सासरे. मी पदर सावरून कप ठेवायची आणि आत पळायची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांच्याशी चार शब्द बोलले नव्हते.

उसाची नवी जात निघाली की ते कुठूनतरी तिचं बेणं आणायचे. प्रत्येक जातीची एकेक सरी लावायची आणि ऐन चैत्रात पाणी तोडायचं. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात कुणी विचारलं, ऊस लावलाय का उपास धरलाय? मामा म्हणाले, "पानी पिऊन कोनबी वाढतंय. हिरी आटल्यावर कोन टिकतंय, ते बघायचंय." पण चैन त्यांनाही नसायची. दिवसातून चारदा सऱ्यांतून फिरायचे, पानं चाचपायचे.

त्या वर्षी तिसरी सरी सगळ्यांच्या आधी सुकली. पानांच्या सुरळ्या झाल्या. मला बघवेना. मामा आठ दिवस लेकीकडे, कडा गावाला गेले, तेव्हा आमच्या उसाचं पाणी मी फावड्यानं दोनदा त्या सरीत वळवलं.

मामा आले तर तिसरी सरी हिरवीगार. माती वरून वाळलेली. हीच आपल्या रानाची जात, असं त्यांनी गावभर सांगितलं. आषाढात बेणं न्यायचं म्हणून सहा-सात घरांनी शब्द टाकला, त्यात आमचंही. तोवर मला घास गोड लागला नाही.

माणसं कोयते घेऊन बांधावर आली, तेव्हा मी आमच्या मालकांच्या पाठीमागून बोलले, "मामा, तिसऱ्या सरीला मी पानी दिलंय. तुमी कड्याला गेलते तवा."

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"कावून?"

"बघवंना मला."

मामा सरीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. "कोयते ठेवा. ह्या सरीचं बेणं कुनाला न्हाई."

सुनेनं वर्ष बुडवलं, असं कुणीतरी पुटपुटलं. मामा त्याच्याकडे वळले. "गप बे. पुढल्या चैतात तुझा समदा फड वाळला असता, तवा कुनाला बोलला असतास?"

पुढच्या वर्षी त्यांनी तिसऱ्या सरीत तीच जात पुन्हा लावली. चैत्रात त्यांना दवाखान्यात नेलं. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, सऱ्या तुझ्यावर. लई जीव तुटंल, पर पानी देऊ नगं."

ते परत आले नाहीत. तिसरी सरी बुडापर्यंत वाळली. मी रोज बांधावर जात होते, फावडं घरी ठेवून.