प्लग माझ्या हातात होता

आधीच सांगून टाकतो — मी बी.एस्सी. आहे, विषय फिजिक्स. आमच्या तांड्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मिरवायला सांगत नाही... बरं, थोडं मिरवायलाही सांगतो, कारण ती डिग्री कशी मिळवली ते माझं मला माहीत. पण खरं कारण वेगळं आहे. या सदरातले अनुभव मी आजवर हसत वाचत आलो. पैंजणांचा आवाज, मागून आलेली हाक... प्रत्येकाला मनातल्या मनात मार्क द्यायचो. बहुतेकांना शून्य. आता माझा लिहितो, मार्क तुम्ही द्या.

यात रात्र नाही, स्मशान नाही. भर दुपार आहे आणि एका पिकअप गाडीच्या रेडिएटरचा पंखा आहे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यात. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे, आता सगळे शेती करतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे बाने, शेतीला जोड म्हणून एक जुनी पिकअप घेतली होती. बा शाळेत कधी गेला नाही. गाडी मात्र तो जनावर सांभाळावं तशी सांभाळायचा. सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचा. दूरच्या फेरीवरून आला की आधी रेडिएटरचं पाणी पाहायचा, मग स्वतः प्यायचा. (घरी आम्ही गोरबोली बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथे आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो.)

याडी, म्हणजे आई, मी बारावीत असतानाच गेली. घरात मी आणि बा. मी काही वर्षं घाटंजीला तासिका तत्त्वावर शिकवलं, मग तेही थांबलं आणि मी बाच्या शेजारी गाडीवर बसायला लागलो. लग्न जमलं नाही. म्हणजे दोन माणसांचं घर आणि एक गाडी, एवढाच पसारा.

मागच्या वर्षी पावसाळ्यात गाडीचा मूळ पंखा गेला. तो इंजिनच्याच जोरावर फिरतो. नवा महाग होता आणि मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठेवले होते — तो काढून इलेक्ट्रिक पंखा बसवायचा. इंजिनवरचा भार कमी, डिझेल कमी, आणि गरज असेल तेव्हाच फिरतो. नागपूरहून बाहेरच्या कंपनीचा एक पंखा आणला. फ्रेम, रिले, फ्यूज, सेन्सर, वायरिंग — सगळं मी स्वतः केलं. दोन दिवस लागले. तांड्यातली पाच-सात माणसं बाजूला खाटेवर बसून पाहत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

तिसऱ्या दिवशी चालू केला. मस्त फिरला. सगळे "वा सर, वा" म्हणाले. बा मात्र उठून गाडीच्या तोंडासमोर गेला, गळ्यातला दुपट्टा काढला आणि त्याचं एक टोक समोरच्या जाळीपुढे धरलं. टोक उडून त्याच्याच पोटाकडे आलं.

"पाह्य रे," बा म्हणाला. "गाडी श्वास बाहेर टाकून राह्यली. आत घ्यायले पाह्यजे."

"बा, गाडी श्वास घेत नसते."

"बैल सुदिक दम लागला का आत ओढते. हे उलटं हाय."

"याले एअरफ्लो म्हणतात. तो कसाही चालला तरी गरम हवा निघते. तू कायले मधात पडतं?"

"मले लागून राह्यली ना हवा. तुले दिसत नाई काय?"

आणि मग मी ते बोललो. त्या पाच-सात माणसांसमोर. "तुले दोन ओळी वाचता येत नाई, बा, आन मले फिजिक्स शिकवतं काय?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाने दुपट्टा झटकला, गळ्यात घातला. "बरं, सायब," म्हणाला आणि घरात गेला.

त्या दिवसापासून तो मला सायबच म्हणायचा. चिडून नाही — नुसतं. "सायब, भाकर वाढू का." "सायब, उद्या पाऊस येईन असं वाटते." आणि गाडीत बसणं त्याने सोडलं. घाटंजीच्या बाजाराला जायचं असेल तर फाट्यावर उभा राहून जीपने जायचा. मी समोरून गाडी घेऊन गेलो तरी हात दाखवायचा नाही. मला वाटायचं, उतरेल राग. माफी मागावी असं कितीदा वाटलं, पण पंखा तर चांगला चालला होता ना... मग माफी कशाची?

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बा झोपेतच गेला. गाडीबद्दल आमचं पुन्हा बोलणं झालंच नाही.

पावसाळा आणि थंडी होती तोवर काही जाणवलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि त्रास सुरू झाला. गाडी उभी असली की तापमानाचा काटा ठीक. माल भरून पन्नासच्या वेगाने चालवली की काटा वर. मी पद्धतशीर माणूस आहे. फ्यूज तपासला, ठीक. रिले बदलला. अर्थिंग घासून पुन्हा बसवलं. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून तपासला, अगदी वेळेवर चालू होत होता. थर्मोस्टॅट नवा टाकला, रेडिएटर धुऊन घेतला. दर वेळी पंखा फिरताना दिसायचा, म्हणजे पंख्यात दोष नाही — असा माझा निष्कर्ष.

घाटंजीच्या रफिकभाई मिस्त्रीकडे नेली. त्याची पोरगी माझ्याकडे शिकलेली, म्हणून तो मला सर म्हणतो.

"सर, फॅन त मस्त फिरून राह्यला," रफिकभाई म्हणाला. "गाडीले टायफाइड तं नाई झाला? रक्त तपासा."

"मजाक नको, भाई."

"वायरिंग खोलून पाहू का एकदा?"

"वायरिंग मी स्वतः केलंय. ते सोडून बाकी पाहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पान्याने कान खाजवला. "बरं सर. मंग एक आयकून घ्या. इंजिनाचं वरचं हेड एकदा घासलं हाय. आता अजून एक डाव उकळली तं हेड वाकडं होते, आन मंग इंजिनात जीव राहत नाई. कटाईलेच द्या लागन."

म्हणजे गाडी भंगारात. बाचं दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे? शेत, घर, ते सगळ्यांचंच असतं. गाडीच्या स्टिअरिंगवर मात्र त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली जागा होती, बरोबर त्याच्या तळव्याएवढी.

आता ती दुपार.

मे महिना. हरभऱ्याचे कट्टे भरून यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका डाळ मिलला चाललो होतो. सोबत कोणी नाही. घाटंजीहून यवतमाळला जाताना मध्ये सागाचं जंगल लागतं. तेव्हा झाडांवर पान नसतं, सगळी पानं खाली वाळून पडलेली, आणि अर्धा-अर्धा तास रस्त्यावर माणूस दिसत नाही. तिथल्या चढावर काटा लाल रेघेला टेकला. मी लगेच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात ठेवली. चावी काढली हे नक्की, कारण बॉनेट उघडताना ती मांडीला टोचत होती.

रेडिएटर आतून गुरगुरत होता. उकळी फुटायच्या बेतात. मोबाइलला रेंज नाही. डोक्याला बाचा जुना दुपट्टा बांधलेला, उन्हाळ्यात तोच वापरतो. मी उभा राहून ऐकत होतो आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही. एवढं एकटं मला बा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती घरात.

काहीतरी करायचं म्हणून पंख्याचा प्लग काढला, टेस्ट लॅम्प लावून पाहावा म्हणून. प्लग हातात घेतला. आणि चावी खिशात आहे हे आठवून स्वतःवरच हसलो. करंटच नाही तर तपासणार काय.

तेव्हा पंखा फिरायला लागला.

आधी हळू, एकेक पातं मोजता येईल असा. मग वेग धरला. मोटरचा घूं आवाज नव्हता, फक्त हवा कापल्याचा. मी हातातल्या प्लगकडे पाहिलं. पिना उघड्या. पंख्याच्या बाजूची वायर खाली लोंबत होती, कशालाही लागलेली नाही. मी मागे सरकलो, गाडीच्या तोंडासमोर आलो. तशी डोक्याच्या दुपट्ट्याची गाठ सुटली आणि त्याचं टोक माझ्या खांद्यावरून पुढे गेलं. जाळीकडे. जाऊन जाळीला चिकटलं. पसरून, सपाट. मी ओढलं तर सुटलं, सोडलं तर पुन्हा चिकटलं.

पायाशी सागाची वाळकी पानं होती. एक पान हललं नाही. हवा नव्हतीच कुठे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, सात असतील. मी एकही शब्द बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. गुरगुर थांबली. पंखा हळू झाला, थांबला, दुपट्टा सुटून खाली आला. मी चावी लावून काटा पाहिला — मधोमध. इंजिन बंद असताना पाणी फिरवणारा पंपही बंद असतो. इतक्या लवकर काटा खाली येऊच शकत नाही. हे मी मुलांना शिकवू शकतो, इतकं साधं आहे.

पण दुपट्टा जाळीला चिकटला, म्हणजे हवा आत जात होती. आणि मी जोडलेल्या पंख्याने आजवर एकदाही हवा आत ओढली नव्हती... त्या दिवशी बाच्या पोटाकडे उडालेलं टोक मला तिथे आठवलं. मी पंखा फिरतो का एवढंच नऊ महिने पाहत आलो होतो. कुठल्या बाजूला फिरतो हे एकट्या बाने पाहिलं, आणि त्याला मी गप्प बसवलं.

डॅशबोर्डच्या खणात पक्कड शोधत होतो. बाची तंबाखूची पुडी अजून तिथेच आहे, मी हलवत नाही. तिच्याखाली चार घड्यांचा एक कागद सापडला. पंख्याच्या खोक्यातला, इंग्रजी. मी तो न वाचताच फेकला होता, कारण मला सगळं येत होतं. काही लिहिलेला कागद बा कधी फेकू द्यायचा नाही. कुठला कामाचा हे त्याला कळायचं नाही, म्हणून सगळे ठेवायचा. त्यात आकृती होती. पंखा रेडिएटरच्या मागे बसवला तर वायरी अदलाबदल करून जोडा, असं साध्या भाषेत लिहिलं होतं.

मी तिथेच वायरी बदलल्या. लोहाऱ्यापर्यंत काटा हलला नाही.

रफिकभाईला फक्त वायरींचं सांगितलं. "मी म्हनलो होतो सर," तो एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. चांगला माणूस आहे.

आता तुम्ही म्हणाल — उन्हाने डोकं फिरलं असेल. असेल. पण त्या दुपट्ट्यावर जाळीच्या काळ्या रेघा उमटल्यात, चौकोन चौकोन. मी तो धुतलेला नाही. गरम हवा वर जाताना पातं थोडं हलू शकतं, हेही मान्य. पण घामाने अर्धवट ओला झालेला जाडा कपडा ओढून धरेल एवढं नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. माझं कामच ते.

आणि एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नाही. जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, मी एका दुपारी वायरी पुन्हा उलट्या जोडल्या. मुद्दाम. मालाचं वजन म्हणून पाण्याचे पिंप भरून तोच चढ चढलो, काटा लाल रेघेजवळ आणला, त्याच जागी थांबलो. हेड गेलं असतं तर गेलं असतं. चावी खिशात, प्लग हातात, दुपट्टा जाळीपुढे धरून उभा राहिलो. "बा," म्हटलं, "चुकलं माह्यं." मोठ्याने म्हटलं.

दुपट्टा सरळ खाली लोंबत राहिला.

एक जीप थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "गरम झाली का भाऊ?"

"हाव."

"पानी हाय ना?"

"हाय, लई हाय."

"मंग दुपट्टा काहून धरला? वारा घालून राह्यले काय गाडीले?" मागचे लोक हसले. मीही हसलो. जीप गेली.

तासभर थांबलो. गाडी तिच्या तिच्या वेळेने, जशी व्हायला पाहिजे तशी थंड झाली. मी वायरी सरळ केल्या आणि घरी आलो.

आता रोज सकाळी गाडी चालू केली, पंखा लागला, की दुपट्ट्याचं टोक जाळीपुढे धरतो. चिकटतं. का चिकटतं ते मला ठाऊक आहे, आकृती काढून समजावून सांगू शकतो. त्या दुपारचं मात्र मला अजून समजलेलं नाही. डावी सीट रिकामीच असते. माल जास्त झाला तरी तिच्यावर कट्टा ठेवत नाही.