सुनीताच लिही

लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या गल्लीत कुणीही ‘सुनीता’ अशी हाक मारली, की समोरच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, “आले गं, आले!” गल्लीत त्या नावाच्या निदान तीन-चारजणी होत्या आणि हाक बहुधा दुसरीलाच असायची. काकूंना त्याचं काही नव्हतं. “नाव माझं घेतलं ना? मग ओ द्यायला नको?”

काका रेल्वेत इंजिनिअर. त्यांच्याशी लग्न करून काकू साताऱ्याहून लखनौला आल्या त्या इथल्याच झाल्या. नावावर मात्र त्यांचा भारी जीव. मी एकदा म्हणाले, “काकू, किती कॉमन नाव तुमचं!” मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “अगं, चांगलं असतं तेच सगळे घेतात. बटाट्याला कुणी कॉमन म्हणून नाक मुरडतं का?”

त्यांच्या लग्नात सासरच्यांनी ‘मृणालिनी’ ठरवलं होतं. काका ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहू लागले, तोच नव्या नवरीने भर मांडवात तांदूळ हाताने सारखे केले. “सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा सुनीताच म्हणाल्या,” हे सांगताना काकू अजूनही खूश व्हायच्या.

पुढे त्यांच्या मुलाने, रोहितने, लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावची मुलगी पसंत केली. शेतकऱ्याची लेक, आणि नाव सुनीता! लग्नात आलमबागच्या हॉलमध्ये तांदळाचं ताट आलं आणि रोहितच्या साताऱ्याच्या आत्याबाई अडून बसल्या. “एका घरात दोन सुनीता कशा चालतील? हिचं स्वरा ठेवा.” नवरीचा चेहरा उतरला. मान खाली घालून ती पुटपुटली, “जैसा आप लोग कहें.” पोरीचं जन्माचं नाव जायची वेळ आली होती आणि रोहित अंगठी धरून नुसता आईकडे बघत होता.

काकू पदर खोचून पुढे झाल्या. “सुनीताच लिही. और बेटा, ये ‘जैसा आप लोग कहें’ छोड़ो. अपना नाम है, सँभालो.”

“मग हाक मारली की येणार कोण?” आत्याबाईंनी विचारलं.

“दोघी येऊ. तुमचीच सोय!”

सगळा हॉल हसला. आत्याबाईसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मी त्यांचं फाटक टाळतच होते. होळीला त्या घरी यंदा काही गोड होणार नाही, म्हणून पुरणपोळ्या घेऊन गेले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “सुनीताकाकू!” मी जीभ चावली.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. एरवी आमच्याशी हिंदीतच बोलणारी त्यांची सून थेट सासूच्या ठसक्यात ओरडली, “आले गं, आले!”

मला फाटकातच रडू फुटलं. पण खरं सांगते, फार बरं वाटलं.