डावऱ्याचा सहावा चेंडू

किस्से उंदरांसारखे असतात. एक दिसला की समजावं, घरात दहा आहेत. परवा नातसुनेला सहज एक सांगितला, तर बाकीचे लगेच कोनाड्याकोनाड्यातून तोंड काढून बघायला लागले. म्हटलं, आता सगळ्यांना एकदाच बाहेर काढावं.

मी शाळेत गेलेली नाही. लिहिणं-वाचणं माझं मी शिकले. चुका काढायच्या असतील त्यांनी आधी माझ्यासारखी भाकरी थापून दाखवावी.

आणि नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणाही लागत नाही. रंगनाथ! अख्खा नगर जिल्हा त्यांना 'डावरा' म्हणायचा. डाव्या हातानं क्रिकेटचा चेंडू टाकणं हाच त्यांचा धंदा. ज्या गावच्या टीमला जिंकायची हौस, ते गाव त्यांना हंगामापुरतं बोलावून घ्यायचं. राहायला खोली आणि दोन पोती ज्वारी. हंगाम संपला की टीम म्हणायची, "रामराम." मग आम्ही चूल उचलायची. लढाईच्या सहा वर्षांत मी नऊ ठिकाणी चुली मांडल्या. हे लक्षात ठेवा.

*

लग्नाच्या मांडवात आमच्या गावच्या पाटलांनी माझ्या वडलांना विचारलं, "जावई काय करत्यात?"

"चेंडू टाकत्यात."

"बरं. टाकल्यावर?"

"लोकं परत आनून देत्यात."

"मग?"

"मग पुन्ना टाकत्यात."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग वडलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरीत काय खोड हुती का?"

*

पहिली नोकरी नगरच्या कॅम्पात लागली. गोऱ्या साहेबांना सरावासाठी नेटमध्ये चेंडू टाकायचे. एक कॅप्टन मोठा खेळाडू वृत्तीचा. म्हणाला, "डावरा, मला आउट केलंस की बिस्किटाचा एक डबा तुझा!"

पहिल्या दिवशी रंगनाथराव चार डबे घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी पाच. साहेब खूश, आम्ही खूश, शेजारपाजारची पोरं खूश. शनिवारपर्यंत मेसचं कपाट रिकामं झालं आणि मेसचा हवालदार आमच्या दारात उभा राहिला.

"डावऱ्या, लढाई जर्मनीसंगं चाललीय, आन् रसद तू संपिवतोस व्हय रं?"

सोमवारी नोकरी गेली! पण डबे राहिले. त्यातल्या एका डब्यात मी माती भरून लिंबाचं रोप लावलं. शेजारीण म्हणाली, "अगं, लिंबाला फळ धरायला चार वर्सं लागत्यात. आन् जमीन लागती." म्हटलं, "मिळंल की." पुढं प्रत्येक बिऱ्हाडाला बैलगाडीत चढायचं ते आधी लिंबू, मग चूल, मग मी.

*

यांच्याबरोबर शब्बीरभाई नेहमी असायचे. नगरच्या बाजारात फळांचा गाडा, पण मॅच म्हटलं की गाडा भावाच्या गळ्यात घालून निघायचे. ते विकेटकीपर. दोघांची जोडी म्हणजे पाटा आणि वरवंटा.

शब्बीरभाईंची नजर कलिंगडं पारखून तयार झालेली. स्टंपांमागं बसून समोरच्या बॅट्समनला तसंच पारखायचे आणि मोठ्यांदा सांगायचे. "रंगाभाई, हे कच्चं हाय, जरा दम धरा." दोन षटकांनी, "आता साल पिवळी पडली." आणि मग "पिकलं!" म्हटलं की पुढच्या चेंडूला बॅट्समन गेलाच समजा.

संगमनेरच्या एका मास्तरांनी 'पिकलं' ऐकल्यावर बॅट तिथंच ठेवली आणि चालू लागले. म्हणाले, "चेंडू टाकायची तसदी कशाला घेता?"

*

नेवाशाकडं एका गावात मॅच होती. तेव्हा खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरून, खिळे ठोकून खेळायचे. मॅट घेऊन निघालेली बैलगाडी भलत्याच गावाला गेली. माणसं जमलेली, आता करायचं काय? कुणीतरी शेजारच्या लग्नमांडवातली जाजम उचलून आणली.

जाजमेवर चेंडू कुठं पडेल ते कळायचं, पण तिथून कुठं जाईल ते ब्रह्मदेवालाही कळेना. एका घडीवर पडला की डोक्यावरून, दुसऱ्या घडीवर पडला की जमिनीतून सरपटत. रंगनाथरावांनी समोरची टीम एकोणीस धावांत गुंडाळली. आमचा कप्तान मिशीला पीळ देत म्हणाला, "आता काय, नुसतं चालत जाऊन आनायच्या."

आमची टीम अकरावर आठ बाद झाली! जाजम कुणाची सोयरी नसते.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा धावत आला. "आरं, वऱ्हाड येशीत आलं, आन् पाव्हनं बसवू कुठं? मातीत?"

दोन्ही टीमांनी मिळून खिळे उपटले, जाजम झटकली, मांडवात अंथरली आणि तिच्यावरच पंगतीला बसल्या. हरलं कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

*

रंगनाथरावांना वाचता येत नव्हतं. बोलावण्याची पोस्टकार्डं यायची ती पोस्टमन वाचून दाखवायचा आणि हे प्रत्येकाला "येतो म्हणून लिही" सांगायचे. एका रविवारी सकाळी दारात दोन कप्तान उभे! एक राहुरीचा, एक पाथर्डीचा. आणि मॅच होती त्या दोघांचीच, एकमेकांविरुद्ध!

"डावरा आमचा!"

"कार्ड आमचं आधी आलं!"

दोघांनी यांचा एकेक हात धरला. राहुरीवाल्यानं डावा धरला होता, म्हणून पाथर्डीवाला जास्त चिडला. मी चुलीपासून उठले. म्हटलं, "भांडता कशाला? राहुरी टाकंल तवा राहुरीकडनं टाकतील. पाथर्डी टाकंल तवा पाथर्डीकडनं."

तसंच झालं. रंगनाथरावांनी दुपारपर्यंत पाथर्डीला उडवलं, जेवले, आणि दुपारनंतर राहुरीला उडवलं. दोन्हीकडं बरोबर बेचाळीस धावा! तरी संध्याकाळी दोघेही कप्तान माझ्याकडं तक्रार घेऊन आले. "वहिनी, त्यांच्याकडनं जास्त मन लावून टाकलं बरं का."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टमनला ओट्यावर बसवला आणि म्हटलं, "हे 'र' कसं काढायचं ते दाखव." चार महिन्यांत कार्डं मीच वाचायला लागले. आणि उत्तरंही मीच लिहायला लागले.

*

आता माझं गुपित सांगते. रोजच्या सरावाला यांना समोर कुणीतरी लागायचं. मी धुणं धुवायला जायचे तिथं हे पाठोपाठ यायचे. धुण्याचा दगड हा स्टंप आणि माझं कपडे बडवायचं धोपाटणं ही बॅट. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की पाय मोकळे. सहा वर्षं मी त्यांना खेळले आणि सहा वर्षांत एकदाही दगडाला चेंडू लागू दिला नाही. हे पाहिलेलं फक्त शब्बीरभाईंनी.

त्यात जादू काही नाही. त्यांचा एक उलटा वळणारा चेंडू होता, त्यानंच सगळा जिल्हा गारद व्हायचा. तो टाकायच्या आधी त्यांची जीभ ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडी बाहेर यायची. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. बायकोनं नवऱ्याच्या सगळ्याच गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात.

*

लढाई संपली त्या सुमाराला प्रवरेच्या पाटाकाठी एका साखर कारखान्यानं यांना बोलावलं. कार्ड मीच वाचलं. नोकरी कायमची! वर क्वार्टर, मागं परसू. पण मॅनेजरसाहेबांना शंका होती. रंगनाथरावांची छत्तिशी उलटलेली.

"वय झालं की हो तुमचं."

"चेंडूला ठाऊक न्हाई सायेब."

"मग आज दाखवा. आवडलं तर कागदावर आत्ता सही करतो. नाही तर रामराम."

मी मैदानाच्या कडेला धुण्याची बुट्टी आणि लिंबाचा डबा घेऊन उभी. लिंबू डब्यात मावेनासं झालं होतं, मुळ्या तळातून बाहेर आलेल्या.

रंगनाथरावांनी कारखान्याचे तीन चांगले बॅट्समन एकामागून एक उडवले. मग साहेब स्वतः पॅड बांधून आले. शब्बीरभाई स्टंपांमागून बोलले, "हे तर झाडावरच पिकलंय." साहेब पहिल्याच चेंडूला बोल्ड! सगळे हसले आणि साहेबांचा चेहरा लाल झाला.

"या माणसाला खेळणारं कुणी आहे की नाही?"

शब्बीरभाईंच्या जिभेला कधी हाड नव्हतं. "हाय की सायेब! ती काय भाभी हुबी हाय, बुट्टी घिऊन."

मैदान खदखदून हसलं. साहेबांना तेच हवं होतं. "वा! मग होऊन जाऊ दे. बाईंनी सहा चेंडू खेळून काढले, तर समजू डावऱ्यात आता राम नाही. नोकरी विसरा. बाई आउट झाल्या, तर ही सही!"

शब्बीरभाईंचं तोंड कडू कारल्यासारखं झालं. मी कासोटा मारला, बुट्टीतून धोपाटणं काढलं आणि जाऊन उभी राहिले.

पहिला चेंडू मी अडवला. दुसरा अडवला. तिसरा शब्बीरभाईंच्या डाव्या बाजूनं पळाला. चौथ्याला हसणं थांबलं. धोपाटणं हातात आलं की हात माझं ऐकत नाहीत, त्याला मी काय करू? पाचवा सरळ साहेबांच्या खुर्चीखालून गेला. रंगनाथरावांचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता. मागून शब्बीरभाई हळूच कण्हले, "रंगाभाई, हे कच्चं हाय. लई कच्चं हाय."

सहावा चेंडू. रंगनाथराव धावत आले. जीभ ओठाच्या डाव्या कोपऱ्यात.

मधला स्टंप तीन हात मागं जाऊन पडला!

साहेबांनी तिथंच, खुर्चीच्या हातावर कागद ठेवून सही केली. दिवस मावळायच्या आत मी परसात खड्डा खणला आणि लिंबू जमिनीत लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर धुणं घेऊन गेले. हे पाठोपाठ आलेच. चेंडू घेऊन मागं गेले, धावत आले आणि जीभ डाव्या कोपऱ्यात घेऊन तोच चेंडू टाकला. मी तो धोपाटण्यानं पाटाच्या पलीकडं उसात धाडला.

हे उसाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं.

"मग काल काय झालं हुतं?"

"काल उनाची तिरीप डोळ्यावर हुती."

"ऊन तर तुझ्या पाठीमागं हुतं."

"व्हय का?" मी म्हटलं, आणि त्यांचा सदरा दगडावर बडवायला घेतला.