क्लोजिंगच्या दिवशी मी दिलेला निरोप

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत औषधांचं एक होलसेल दुकान आहे. तिथं मी सात वर्षं काम करतोय. मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या, रॅकमधून माल काढायचा, कॉम्प्युटरवर बिल करायचं. माझं गाव चंदगडकडं. कोल्हापूरला गाडीत बसलं की अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरेपर्यंत पाठ आखडून जाते. शाळा मी नववीत सोडली. कुणी सोडायला लावली नाही, घरात तशी अडचणही नव्हती. बीजगणिताच्या तासाला उभं करतील या भीतीनं एक दिवस गेलो नाही, मग गेलोच नाही. सेठजींनी मला ठेवून घेतलं तेव्हा मार्कशीट मागितली नव्हती. ती ते कधीतरी मागतील, ही धास्ती अजून आहे. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण पगार वाढवा म्हणायला तोंड उघडलं की ती मार्कशीटच डोळ्यांपुढं येते, आणि मी ‘चहा सांगू का?’ असं काहीतरी विचारून मोकळा होतो.

दुकानात कंपन्यांचे एमआर येतात. डॉक्टरांना भेटून आपल्या कंपनीची औषधं लिहायला लावायची, आणि तो माल आमच्यासारख्या होलसेलवाल्याकडं आहे की नाही बघायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यातला एक माझ्याच वयाचा होता. पातूरचा, बीएस्सी झालेला. उन्हाळ्यातही त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. मला त्याचा पगार माहीत होता. माझे चौदा हजार, त्याचे सव्वीस, वर इन्सेंटिव्ह. पण खरं सांगायचं तर पगारापेक्षा मला त्याचा भत्ता जास्त टोचायचा. गावाबाहेर काम केलं की कंपनी त्याला जेवायचे पैसे द्यायची. अकोल्याला गेला की पैसे, पातूरला गेला तरी पैसे. पातूर म्हणजे त्याचं घर! आईच्या हातची भाकरी खायची आणि वर कंपनीकडून भत्ता घ्यायचा. मी सात वर्षांत आईच्या हातचं किती वेळा जेवलो ते बोटांवर सांगता येईल.

आणि तो वाईट असता तर बरं झालं असतं. माझ्या आईला बीपीची गोळी लागते हे त्याला एकदा बोलता बोलता कळलं. डॉक्टरांनी तिला लिहून दिलेली गोळी त्याच्याच कंपनीची निघाली. तेव्हापासून दर महिन्याला तो सॅम्पलच्या पट्ट्या माझ्या हातात ठेवायचा.

“काकूले सांगजो, रोज सकाळी. एक दिवसही चुकवाची नाही.”

मी पट्ट्या कुरिअरनं गावी धाडायचो. आई फोनवर आधी त्याची चौकशी करायची. “बरा हाय न्हवं त्यो पोरगा? शिकल्याली पोरं अशीच असत्यात बघ.” मी हो म्हणायचो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गोड लागायचं नाही. गोळ्या मी पाठवतोय, कुरिअरचे पैसे माझे, आणि कौतुक त्याच्या शिक्षणाचं.

त्याच्या नोकरीत सगळं मऊ होतं असं नाही. एकदा काउंटरवर तो बिस्किट खात असताना मॅनेजरचा फोन आला. हातात बिस्किट, म्हणून त्यानं स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस सरळ ओरडतच होता. “तुझ्यानं होत नसेल तर पेपर टाक, राजीनामा दे. तुझ्या जागेवर यायला दहा जण तयार आहेत.” हा म्हणाला, “होऊन जाईल सर,” आणि अर्धं बिस्किट खिशात ठेवलं. दुसऱ्या कुणाला त्याची दया आली असती. माझ्या मनात आलं, त्या दहांतसुद्धा मी नाही.

आता क्लोजिंग काय असतं ते सांगायला पाहिजे. कंपनी एमआरला महिन्याचं टार्गेट देते. तेवढा माल होलसेलवाल्यांनी उचलला तर ते पुरं झालं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ज्याचं कमी पडतं तो एमआर आमच्याकडं येतो आणि लागतो त्यापेक्षा जास्त माल घ्या म्हणून मागं लागतो. सेठजी माणूस बघून घेतात. माल विकला नाही तर तो आमच्या रॅकवर पडून राहतो, पुढं एक्सपायरी होऊन परत जातो, आणि त्याची बोलणी पुन्हा त्याच एमआरला बसतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर महिन्याला तेच चालतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेठजी भाचीच्या साखरपुड्याला अकोल्याला गेले होते. दुकानात मी एकटा. चार वाजता तो आला. शर्ट पाठीला चिकटलेला होता.

“भाऊ, तीस पेट्या खोकल्याचं सिरप घ्या लागते. दोन महिने टार्गेट हुकलं माहं. हा तिसरा हुकला तर मले काढतात.”

“सेठजींना विचारायला लागंल.”

“माहा फोन ते उचलून नाही राहिले. तू दुकानाच्या फोनवरून लाव ना. साडेपाचच्या आत नागपूरच्या डेपोत ऑर्डर गेली पाहिजे.”

मी फोन घेऊन रॅकच्या मागं गेलो. सेठजींनी लगेच उचलला. मागं सनई वाजत होती. मी सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन घे ना मंग. थंडीचे दिवस हायेत, त्याचा माल उठते. पोरगं चांगलं हाय.”

पोरगं चांगलं हाय. माझ्याबद्दल इतक्या वर्षांत हे कुणापुढं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हटलंही असेल, मला माहीत नाही. फोन बंद झाल्यावर मी बाहेर आलो आणि म्हणालो,

“सेठजी नको म्हणाले. मागचाच माल पडलाय म्हणाले.”

“खरंच?”

“खरंच.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बिलाचे कागद सारखे करत राहिलो. “बरं बाप्पा,” तो म्हणाला. जारमधलं पाणी प्याला आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या होलसेलवाल्याकडं गेला असणार. तिथं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी विचारलं, “घेतला का त्याचा माल?” मी म्हणालो, “त्यानंच नंतर नको म्हटलं. दुसरीकडं जमलं त्याचं.” ते “बरं” म्हणून गल्ल्यावर बसले. एका खोट्याला दुसरं जोडताना जीभ इतकी सहज वळली की माझा मलाच धक्का बसला.

पंधरा दिवसांनी तो आला तो बॅगेशिवाय. बॅग कंपनीनं परत घेतली होती. “टाकला पेपर,” म्हणाला. खिशातून गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. “ह्या शेवटच्या. पुढच्या महिन्यापासून काकूले विकत घेऊन दे, बंद नको करू.”

त्या पट्ट्या मी गावी पाठवल्या. न पाठवून काय केलं असतं? त्याच्या जागी दुसरा एमआर आला, नागपूरचा. त्यालाही भत्ता. आठ दिवसांत मी त्याच्याही शर्टाच्या इस्त्रीकडं बघायला लागलो.

यंदा दिवाळीनंतर सेठजींनी मला अकोल्याला पाठवलं, तिथल्या एका होलसेलवाल्याशी मालाची अदलाबदल करायला. औषधांच्या गल्लीत तो समोरूनच आला. नवी बॅग, पण साधी. मी दुकानाच्या पायरीवरून मागं सरकलो होतो, पण त्यानं हाक मारलीच.

“काहून रे, वळखत नाही का?”

चहाच्या टपरीवर उभे राहिलो. मी पहिला प्रश्न काय विचारला? पगार किती. त्यानं सांगितलं, बावीस. कंपनी लहान आहे, इन्सेंटिव्ह जवळजवळ नाही. पहिल्यापेक्षा चार हजार कमी. हे ऐकून छातीत कुठंतरी थंड वाटलं. ते थंड वाटलेलं मला अजून सोसत नाही. त्याच भरात मी म्हणून गेलो, “त्या दिवशी सेठजी नको म्हणाले नव्हते.”

“मालूम हाय मले.”

“कुणी सांगितलं?”

“सेठनंच. दुसऱ्या दिवशी मी त्यायले फोन केला, एवढं काहून केलं म्हणून विचाराले. ते म्हणे, मी त हो म्हटलं होतं, तूच नको म्हटलं म्हणते आमचा पोरगा.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, हो, मीच नको म्हटलं.” त्यानं चहात बिस्किट बुडवलं. “तुले काढून मले माही नोकरी भेटणार होती का? दोन दिवस लय शिव्या देल्या तुले. घरी बसून. आईनं इचारलं, कोणाले बोलून राहिला रे?”

म्हणजे पट्ट्या काउंटरवर ठेवल्या तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. माफी मागायची तर शब्द कुठून आणायचा? मी आमच्यासाठी ऑर्डर लिही म्हणालो. आता लहान ऑर्डरी मी न विचारता देऊ शकतो, सेठजींनी तेवढा विश्वास टाकलाय.

“तुझ्या खोकल्याच्या औषधाच्या वीस पेट्या लिही.”

“वीस नको. अमरावतीत माही कंपनी कोणाले मालूम नाही. पाच लिहितो.”

“अरे, तुझं टार्गेट...”

“टार्गेट होईल. मंग मार्चमध्ये पंधरा पेट्या वापस आल्या त तूच मले तोंड दाखवणार नाही.” त्यानं हसत पाच लिहिलं आणि वही माझ्यापुढं सही करायला सरकवली.

मी सही केली. मला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.